फाटकावरचे पापा

शॉट नीट चालला होता आणि तेवढ्यात एक रिक्षावाला मध्ये आला. पिवळी रिक्षा त्यानं भर फ्रेममध्ये उभी केली, खाली उतरला, डोक्यावरची टोपी काढली आणि फाटकावर चिकटवलेल्या श्रद्धांजलीच्या कागदासमोर मान खाली घालून उभा राहिला. कॅमेरा चालूच होता. अझुका, म्हणजे दिग्दर्शक, आधी काही बोललाच नाही, त्याला वाटलं हा सामानवाल्या क्लेमेंटनं आणलेला कुणी एक्स्ट्रा असेल आणि बरा करतोय. मग त्याच्या लक्षात आलं की रिक्षाचा दिवा फुटलेला आहे आणि मागच्या काचेवर कुठल्याशा पाद्र्याचं चित्र आहे, म्हणजे ही खरी रिक्षा.

"कट. ए बाबा, सिनेमा चाललाय. तुझा कोण लागतो तो?"

"मास्टर गेले?" रिक्षावाला म्हणाला.

"कोण मास्टर? हे चीफ बेनेडिक्ट. दुसऱ्या बायकोनं विष घातलं. जा आता."

"हे सर्व्हेवाले मास्टर. माझ्या बापाच्या जागेच्या चारी खुंट्या यांनीच मारल्या. एक इंच इकडं नाही, तिकडं नाही." त्यानं कागदाला हात लावला, तोच हात छातीला लावला. "कधी गेले?"

सगळे हसले. छत्रीखाली फाईल घेऊन बसलेली, एका शॉटशी दुसरा जुळतो की नाही ते बघणारी इसिओमा हसली नाही. तिच्या हातानं मात्र सवयीनं फाईलमध्ये लिहिलं: रिक्षा, पिवळी, डावीकडून, टेक चार बाद. लिहून झाल्यावर तिला ते आपलंच अक्षर दिसलं आणि तिनं फाईल मिटली. रिक्षावाला कपाळावर, छातीवर क्रूस करत निघून गेला. तो आता ओकपनाम रोडला जाणार, तिथून बाजारात, आणि प्रत्येक सवारीला सांगणार. दुपारपर्यंत निम्म्या असाबा शहराला कळणार की सर्व्हेवाले मास्टर गेले. आणि मास्टर, म्हणजे तिचे पापा, इथून रिक्षानं दहा मिनिटांवर, उग्बोमांटा वस्तीतल्या घरात, बहुतेक आत्ता चवळीची भजी आणि पेज खात बसले असणार. भजीच्या कडा ते काढून ठेवतात. की आधी कडा खातात? इसिओमाला आठवेना. सकाळच्या सीनमधल्या ग्लासात पाणी किती बोटं होतं ते तिला आठवत होतं. अडीच.

असाबात श्रद्धांजलीच्या कागदावर छापायला कुणी आपला फोटो देत नाही. सिनेमात मरायला सगळे तयार असतात. खाटेवर तोंड वासून पडतील, नाकात कापूस घालून घेतील, पेटीत झोपून झाकणही लावून घेतील, पण कागद म्हटला की नको. कागद आधी जातो, मागनं माणूस जातो, असं जुने नट सांगतात आणि दोन-तीन नावंही घेतात. या सिनेमातला चीफ गोष्ट सुरू व्हायच्या आधीच मेलेला, त्यामुळं त्याला नट नव्हताच, फक्त फोटो लागणार होता. पहिल्या दिवशी सकाळी सहाला सामान सांभाळणारा क्लेमेंट सगळ्या युनिटमध्ये हात पसरत फिरत होता. "कुणाकडं एखादा म्हातारा आहे का? चांगला, घरंदाज दिसणारा?" लाईटवाले म्हणाले, तुझाच बाप दे की. क्लेमेंट म्हणाला, "माझा बाप मला अजून हवाय." इसिओमा तेव्हा हसली होती. तिला या गोष्टी खुळचट वाटायच्या. ती दिवाणखान्याचे फोटो काढून क्लेमेंटला पाठवत होती, उशा कशा ठेवल्या, पडदा किती उघडा, घड्याळात किती वाजले. बारा फोटो तिनं निवडले आणि पाठवले, आणि गेले तेरा. तेरावा पापांचा.

चूक अशी होते. बोट घसरतं. फोनमध्ये फोटो एकाखाली एक असतात आणि घामानं बोट ओलं असतं. पण तो फोटो दोन वर्षांपूर्वीचा होता. दोन वर्षांपूर्वीचा फोटो आजच्या उशांच्या शेजारी कसा आला? आदल्या रात्री तिनं तो उघडला होता, मोठा करून पाहिला होता, झोपेत कुठंतरी पुन्हा सेव्ह केला होता, म्हणून तो वर आला. बरं, हे झालं. पण पुढं काय? सातला कागद छापून आला, क्लेमेंटनं कसाव्याच्या पिठाची खळ लावून तो फाटकावर चिकटवला, आणि इसिओमा जुळवणी तपासायला गेली तेव्हा वर मोठ्या अक्षरात 'देवाघरचं बोलावणं', खाली चीफ बेनेडिक्ट ओडिली, वय ७१, आणि मधे पापा. लाईट लागले होते. नायिका ओलुचीच्या डोळ्यांत ग्लिसरीन घातलं होतं, तिचं दुपारचं लागोसचं विमान होतं, गावोगावची माणसं ओळखतात असा तिचा चेहरा रडायच्या तयारीत थरथरत होता. अझुकानं विचारलं, "कंटिन्युइटी?" आणि इसिओमा म्हणाली, "ठीक आहे." शॉट सुरू व्हायला चार मिनिटं होती. चार मिनिटं म्हणजे थोडी नव्हेत. चार मिनिटांत माणूस म्हणू शकतं, थांबा, हा माझा बाप आहे. ती म्हणाली नाही. मग ओलुची फाटकाला टेकून खाली घसरली, पापांच्या गालावर तळवा ठेवून रडली, आणि इतकी छान रडली की जनरेटरवालासुद्धा डोळे पुसत होता. इसिओमानं लिहिलं, उजवा तळवा, अंगठी मधल्या बोटात, फोटोच्या डाव्या गालावर.

म्हणजे ती चूक होती की नव्हती, हे तिला तीन दिवस कळलं नव्हतं. आणि आता एका रिक्षावाल्यानं टोपी काढल्यावर ते कळायची घाई झाली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती अझुकाकडं गेली. तो झाडाखाली बसून जोलोफ भात खात होता.

"फाटकावरचा कागद बदलायचाय."

"का?"

"तो माझा बाप आहे."

अझुकानं घास गिळला. "जिवंत?"

"हो."

"तूच दिलास ना?"

"चुकून गेला."

"इसिओमा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मऊ झाला, त्यामुळं तिला जास्त भीती वाटली. "तू मला कप हलला म्हणून सतरा टेक घ्यायला लावलेत. आता ऐक. ओलुची लागोसला गेली. क्लोजअपमध्ये तिचा हात तुझ्या बापाच्या गालावर आहे. मी दुसरा म्हातारा लावला तर काय होईल? बाई रडली एकासाठी आणि पुरला भलताच. लोक आपल्याला जगू देतील का? तो पाववाला आठवतो ना?"

पाववाला ती विसरणं शक्य नव्हतं. चार वर्षांपूर्वी ती मदतनीस असताना एका सिनेमात सीन विसात एक माणूस मेला आणि सीन चौतीसमध्ये तोच माणूस मागं दुकानातून पाव घेताना दिसला. नट बिचारा जेवणाच्या सुट्टीत खरोखरच पाव घ्यायला गेला होता. ते अर्धं मिनिट लोकांनी कापून फोनवरून फोनवर फिरवलं, खाली हजारोंनी हसले. मेलेल्याला भूक लागली. स्वर्गात बेकरी नाही. त्या दिवसापासून इसिओमानं ठरवलं होतं की तिच्या सिनेमात मेलेला माणूस कधी रस्त्यावर दिसणार नाही.

"आणखी सात दिवस," अझुका म्हणाला. "फाटक रोज कुठंतरी मागं दिसतंच. कागद राहील. नाहीतर तो कागदही जाईल आणि तूही. खा काहीतरी, तोंड बघ कसं झालंय."

तिनं खाल्लं नाही. ती उग्बोमांटाला गेली. दोन वर्षांत पहिल्यांदा. आईला दवाखान्यात नेलं तेव्हा ती अव्काला एका लग्नाच्या सीनवर होती, ऐंशी माणसं, नवरीचे कानातले तीन वेळा बदललेले. फोन आला तेव्हा ती म्हणाली उद्या निघते. दुसऱ्या दिवशी म्हणाली उद्या. तिसऱ्या दिवशी पोचली तेव्हा आई शवागारात होती. पुरण्याच्या दिवशी लोकांसमोर पापा एवढंच म्हणाले, "कुठल्या ग्लासात किती पाणी होतं ते हिच्या लक्षात राहतं. आईचं राहिलं नाही." त्यांनी आवाज चढवला नव्हता. दुसऱ्या सकाळी ती गाडीत बसली, गाडी वळली, आणि काचेतून तिनं फोनवर त्यांचा फोटो काढला. ते ओसरीवर खुर्चीत होते, पांढरे कपडे, लाल टोपी, आणि त्यांचा एक हात वर होता. निरोपाला वर होता, की थांब म्हणायला, की फक्त ऊन लागत होतं म्हणून कपाळावर, हे फोटोत कळत नाही. दोन वर्षं ती तेच बघत होती. क्लेमेंटनं कागदासाठी फोटो कापला तेव्हा नेमका हात गेला.

घराच्या दारात चार-पाच चपला होत्या. शेजारची मामा कामेलु, म्हणजे कामेलुची आई, पायरीवर बसली होती, मांडीवर माल्टच्या शरबताच्या बाटल्यांची पेटी, सांत्वनाला आणलेली. ती इसिओमाच्या आईची मैत्रीण. इसिओमाला बघून तिनं डोळे बारीक केले.

"आलीस का? मी सकाळी रडले, मग आत येऊन बघते तर हा बाबा पेज पितोय. माझ्या रडण्याचं काय करायचं आता? परत घेऊ?"

"मामा, चूक झाली."

"चूक भांडं फुटतं तेव्हा होते," मामा कामेलु म्हणाली. "बाप फाटकावर लावला तर त्याला दुसरं काहीतरी नाव असेल. जा आत. मी माल्ट परत नेणार नाही, वाईट असतं. तुम्हीच प्या."

आत भाऊबंदांपैकी दोघं-तिघं बसले होते. ते म्हणत होते, कागद आज उतरवायचा, कोंबडा आणायचा, कोलाची बी फोडायची, वरच्या पूर्वजांना सांगायचं की हे खोटं होतं. पापा खुर्चीत होते. वाळले होते. गेल्या महिन्यात रक्तदाबानं पडले होते, हे तिला बाजारात कुणीतरी सांगितलेलं, डॉक्टरनं रोज संध्याकाळी दोन मैल चालायला सांगितलंय हेही. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि जणू ती बाजारातून परत आली होती अशा आवाजात म्हणाले, "बस. दार लाव."

तिनं दार लावलं. मग तिनं सगळं सांगितलं, बोट घसरल्याचं, अझुकाचं, पाववाल्याचं. चार मिनिटांचं नाही सांगितलं.

"किती दिवस राहिलेत?" पापांनी विचारलं.

"सात."

"आणि कागद काढला तर तुझं काम बिघडतं."

"मी बघते काय ते. मी काढायला लावते."

"का? खुंटी मारली की मोजणी होईपर्यंत हलवत नाहीत. नाहीतर सगळा नकाशा खोटा." त्यांनी भाऊबंदांना हातानं उठवलं. "कोंबडा नको. कागद राहू दे. मेलेला माणूस रस्त्यावर दिसला की लोक हसतात म्हणे. मी काही पाव आणायला जाणार नाही. सात दिवस मी घरातच."

"पापा, तुम्हाला चालायला सांगितलंय."

"तुझ्या आईच्या वेळी तू काम सोडून आली नाहीस. म्हणजे काम तेवढं मोठं असणारच. मग होऊ दे ना पुरं." आणि खिडकीकडं बोट करून, "पडदा लाव. बाहेरनं दिसतं."

त्या दिवसापासून तिचे दोन सेट झाले. एक बंगला, जिथं मेलेल्या माणसाचा कागद जागेवर आहे की नाही ते ती दर शॉटला बघत होती, आणि दुसरं उग्बोमांटाचं घर, जिथं जिवंत माणूस जागेवर आहे की नाही ते बघायला ती रोज दुपारी पळत होती. दोन्हीकडं काहीच हलत नव्हतं. कागदाचा उजवा कोपरा पाचव्या दिवशी वाऱ्यानं सुटला तर तिनंच खळ लावून तो पुन्हा चिकटवला, आणि अंगठ्यानं दाबताना पापांची हनुवटी थंड लागली, कागद असून थंड. घरी पापा त्याच खुर्चीत, पडदे बंद, पंख्याला वीज नाही, अंगावरचा बनियन ओला. मामा कामेलु सूप आणून द्यायची, इसिओमा ते वाढायची.

"मी मेलो कसा?" त्यांनी एका दुपारी विचारलं.

"दुसऱ्या बायकोनं विष घातलं."

"कशात?"

"सूपमध्ये."

"कुठल्या?"

"कडू पाल्याच्या."

त्यांनी समोरच्या ताटलीकडं पाहिलं. कडू पाल्याचंच होतं. बोट बुडवून त्यांनी चाटलं आणि म्हणाले, "मीठ कमी. विषासाठी नव्हे, मामा कामेलुचा हातच तसा." मग, "वय एकाहत्तर का लिहिलं? मी चौऱ्याहत्तरचा आहे. तीन वर्षं कुठं गेली?" इसिओमाला हसू आलं, पण ताटली घेताना तिला त्यांचे पाय दिसले. घोट्यांपाशी फुगले होते. सपातांचे पट्टे कातडीत रुतले होते.

त्या दिवशी तिनं विचारून टाकलं. फोटोतला हात. तो का वर होता?

"कुठला हात?"

"मी निघाले त्या दिवशी. तुम्ही हात वर केला होतात."

ते विचार करत राहिले, खरंच करत राहिले, कपाळाला आठ्या घालून. "मला काय माहीत," ते म्हणाले. "डास असेल."

दोन वर्षं ती ज्या हाताखाली राहिली तो डासासाठी असेल. ती परत सेटवर गेली आणि तिला पहिल्यांदा एक कप दिसला नाही. टेबलावर असायला हवा होता, नव्हता. क्लेमेंटनंच आठवण केली. तिला काचेतून बघितल्यासारखं दिसत होतं सगळं. दिवाणखान्यातले सोफे, ज्यांच्यावर गेल्या महिन्यात दुसऱ्या एका सिनेमातला राजा मेला होता आणि त्याच्या आधी एक पाद्री. तेच सोफे, तेच खोटे द्राक्षांचे घोस, तोच जिना, आणि रोज कुणीतरी त्यावरून ओरडत खाली येणार. तिला वाटलं आपण या बंगल्याच्या बाहेर कधी गेलोच नाही. आई मेली तो दिवस सीन किती होता? अव्काचं लग्न आधी का आई आधी? फाईलमध्ये असेल. फाईलमध्ये नवरीचे कानातले होते, मोत्यांचे, मग सोन्याचे, मग पुन्हा मोत्यांचे. आईच्या कानात शेवटी काय होतं, ते कुठल्याच फाईलमध्ये नव्हतं. आणि बोट. ते बोट रात्री तो फोटो उघडतं, सकाळी पाठवतं, सातला बघतं आणि तोंड म्हणतं ठीक आहे. तिला ते चार मिनिटांतलं सुख आठवलं. हो, सुखच होतं ते. बारीकसं. पापा फाटकावर गप्प होते, त्यांच्या तोंडावर कागद होता, लोकांसमोर ते काही बोलू शकत नव्हते, आणि कुणीतरी त्यांच्यासाठी रडत होतं, जशी ती आईसाठी रडू शकली नव्हती. असं काही आपल्यात आहे हे माणसाला कळलं तर माणूस कुठं जातं? ती कुठंच गेली नाही. तिनं पुढच्या सीनचे फोटो काढले.

आठव्या दिवशी पापा खुर्चीतून उठले नाहीत, तिथूनच बोलले. "तुझ्या त्या विहिरीच्या सिनेमात स्वयंपाकघराचा पडदा हिरवा होता. बाई बाहेर जाऊन आली तर निळा."

इसिओमा भांडी घासत होती. "कुठं पाहिलात?"

"फोनवर. मामा कामेलुचा मुलगा लावून गेला होता." दम घेत बोलत होते. "आणि त्या दोन बहिणींच्या सिनेमात, धाकटीच्या पायाला पट्टी डाव्या होती, मग उजव्या. बाकी काही सापडलं नाही. एकोणीस पाहिले मी. शेवटी तुझं नाव येतं, बारीक अक्षरात. फार पटकन जातं. दोनदा लावायला लागतं."

ती भांडं धरून उभी राहिली. एकोणीस. दोन वर्षांत तिनं बावीस केले होते. तीन त्यांना मिळाले नसतील. हा माणूस अंधारात फोन नाकाशी धरून तिची चूक शोधत बसला होता, आणि चूक सापडत नव्हती तर सिनेमे पुढं पुढं बघत गेला होता. तिला त्यांचा पाय धरावासा वाटला आणि तिनं धरला, घोट्यापाशी, बोट दाबलं. खड्डा पडला. बोट काढल्यावरही खड्डा तसाच राहिला.

"पापा, उद्या दवाखान्यात जाऊ."

"अजून दोन दिवस आहेत."

"असू देत."

"मी धरून ठेवलंय ते तू सोडू नकोस," ते म्हणाले, आणि यात राग होता की आणखी काही, हे तिला याही वेळी ओळखता आलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी चीफची प्रेतयात्रा फाटकातून निघाली. सगळं मोठ्या शॉटमध्ये घेतलं, पेटी, बँड, सारख्या कापडातल्या बायका, आणि मागं फाटकावर कागद, स्वच्छ दिसणारा. जवळचे शॉट जेवणानंतर. जेवताना अझुका खुशीत होता. पैसे लावणाऱ्याला सिनेमा आवडला होता, आता भाग दुसरा, लगेच, याच बंगल्यात, आणखी आठ दिवस, ओलुची परत येणार. "चीफचं भूत येईल रात्री," तो म्हणाला. "फोटोतनं. इसिओमा, कागद सांभाळ. त्याच्यावरच सगळा भाग दोन आहे."

आठ दिवस. ती उठली. कुणाला काही वाटलं नाही, ती नेहमीच उठून काहीतरी तपासायची. पिण्याच्या पाण्याची पिशवी दातानं फोडून तिनं कागदावर पाणी सोडलं. खळ नऊ दिवसांत सिमेंट झाली होती. कडेनं नख घातलं तर पट्टी निघाली, 'देवाघरचं' निघालं, 'बोलावणं' राहिलं. मग कपाळ. मग एक डोळा. ती घाईत नव्हती, पण नखाखाली कागदाचा लगदा जात होता आणि दुखत होतं. क्लेमेंट हातात ताटली घेऊन मागं येऊन उभा राहिला. ती थांबली नाही.

"भाग दोनचं काय?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"तुला काढतील."

"हं."

तो बघत राहिला. मग त्यानं ताटली खाली ठेवली आणि खालचा कोपरा, जिथं वय लिहिलं होतं, तो स्वतः ओढून काढला. "मी जेवत होतो," तो म्हणाला. "मला काही माहीत नाही."

जेवण झालं. बायका पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. जवळचे शॉट. ओल्या फाटकावर फक्त एक पांढरट चौकोन होता, आणि उन्हात तो वाळत चालला होता. मॉनिटरमध्ये तो बाईच्या खांद्यामागं दिसत होता, ज्याला बघायचं त्याला दिसेल एवढा. अझुका पेटीकडं बघत होता. त्यानं न बघता विचारलं, "कंटिन्युइटी?"

तिच्या फाईलमध्ये सकाळचं लिहिलेलं होतं, कागद जागेवर. तिनं पेन खाली ठेवलं.

"ठीक आहे," इसिओमा म्हणाली.

सहा शॉट झाले. सहाही वेळा तिनं तेच सांगितलं. मग फाईल खुर्चीवर ठेवून ती निघाली, सही न करता, आणि दोनदा तिला वाटलं की मागून हाक आली.

घरात पापा तसेच. पाय स्टुलावर ठेवलेले, घोटे नाहीसे झालेले. तिनं पडदा बाजूला केला तर ते डोळ्यांवर आडवा हात घेऊन म्हणाले, "दिसतं बाहेरनं."

"कागद काढला मी."

"संपलं काम?"

"नाही."

त्यांनी डोळ्यांवरचा हात खाली घेतला. "मग चूक राहिली," ते म्हणाले.

"राहिली. सकाळी आहे, दुपारी नाही. प्रेतयात्रेच्या मधेच."

"कुणाला दिसेल?"

"तुम्हाला दिसेल." मग तिनं बाकीचंही सांगितलं. चार मिनिटं. की तिनं पाहिलं होतं आणि गप्प राहिली होती. बोट नव्हतं ते फक्त. हे सांगताना ती त्यांच्याकडं न बघता त्यांच्या पायांकडं बघत होती. खोलीत माश्या होत्या. बाहेर कुणीतरी बादली आपटली. पापांनी माफ केलं असंही म्हटलं नाही आणि जा असंही नाही, आणि ती तिथं उभी राहिली, कारण निघून जाण्यासाठी आता कुठलाच सेट उरला नव्हता.

मग त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. उठले. सपातांमध्ये पाय घालून बघितला, गेला नाही. दुसरा बघितला. तोही नाही. अनवाणी चार पावलं टाकून दारापर्यंत आले आणि चौकटीला धरून आतच थांबले, सावलीत, उंबऱ्याच्या अलीकडं. सहा दिवसांचा बंद वास त्यांच्याबरोबर दारात आला. त्यांचा श्वास वाजत होता.

"तू पुढं हो. रस्त्यावर कोण आहे बघ," ते म्हणाले.

ती पायऱ्या उतरली. रस्त्यावर ऊन होतं. समोर मामा कामेलु पाठमोरी बसून वाळत घातलेली मिरची उलटत होती.

"मामा कामेलु आहे," तिनं मागं न बघता सांगितलं.

मागं काहीच ऐकू येईना. पाऊल नाही, दार नाही. तिला वळून बघायचं होतं, ते अजून चौकटीत आहेत की परत खुर्चीत गेले, आणि ती वळली नाही. उन्हानं डोकं तापत होतं. मग आवाज आला, दमलेला, जरा चिडका.

"तिला म्हणावं पाणी तापव. मीठ टाकून. पाय शेकायचेत."

इसिओमा रस्ता ओलांडून गेली आणि मामा कामेलुजवळ वाकून म्हणाली, "मामा, पाणी तापवायला सांगितलंय. पाय शेकायला."

मिरचीवरचा हात थांबला. "कुणी सांगितलंय?"

"पापांनी," इसिओमा म्हणाली. "दारात उभे आहेत."